ताकदीची गोळी

महादेवीअक्कांच्या हातून औषधाची चूक झाली असं कुणी घाटनांदुरात म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी म्हणणाऱ्यालाच दवाखाना दाखवला असता.

बाजारपेठेत त्यांच्या यजमानांचं, गुंडप्पांचं, मेडिकल आहे. सव्वीस वर्षं झाली. शिक्षण गुंडप्पांचं, परवाना गुंडप्पांचा. ते आतून गोळ्या काढून देणार आणि अक्का गिऱ्हाइकाला समजावून सांगणार. ही उपाशीपोटी, ही जेवल्यावर, ही घेतली की मोटारसायकल चालवायची नाही. दहावी झाल्या झाल्या लग्न होऊन आलेली ही बाई, पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून वाचून तिनं आपलं आपण शिक्षण केलं. म्हाताऱ्या माणसाला दोनदा सांगितलेलं कळलं नाही तर अक्का तिसऱ्यांदा त्याच्याकडून म्हणवून घ्यायच्या. गुंडप्पा हसून म्हणायचे, "लायसन माझं भितीला टांगलंय, आन दुकान चालतंय हिच्या तोंडावर."

दरवर्षी मे महिन्यात आमच्या लिंगायत समाजाच्या मंगल कार्यालयात मुलांचं आठ दिवसांचं शिबिर भरतं. अंबाजोगाई, केज, परळीकडची चाळीसेक लेकरं येतात. पहाटे उठणं, लिंगपूजा, वचनं, दुपारी चित्रकला, संध्याकाळी कबड्डी. सहा वर्षांपूर्वी एका पोरानं दुसऱ्याचं खोकल्याचं औषध सरबत म्हणून पिऊन टाकलं आणि तो दीड दिवस झोपून राहिला. तेव्हा शिबिरप्रमुख केदारनाथ सर अक्कांकडं आले आणि हात जोडून म्हणाले, "अक्का, एवढं तुमी सांभाळा."

अक्कांनी ते असं सांभाळलं की पुढं कुणाला बघावंच लागलं नाही. ब्लाऊजपिसांच्या छोट्या पिशव्या शिवल्या, ओढायला नाडी, वर लेकराचं नाव. एक वही केली. घरून आलेलं सगळं औषध पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यायचं आणि वेळेला स्वतःच्या हातानं द्यायचं. गोळी गिळली का ते लेकराला जीभ वर करायला लावून बघायचं. आणि चूक होऊ नये म्हणून सगळं उघड्यावर. मंडपात गादीवर बसायचं, एकेका आईबापाला पुढं बोलवायचं, नाव काय, गोळी कशाची, कधी द्यायची, ते मोठ्यानं विचारायचं आणि त्यांनी मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांच्या देखत बोललेलं कुणी नाकारत नाही, हा अक्कांचा हिशेब. कुलरच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी सरांनी त्यांच्या हातात माईक दिला. तेव्हापासून तो कार्यक्रमच झाला. बायका जागा धरून बसायच्या ऐकायला.

यंदा शनिवारी शिबिर सुरू झालं. चौसाळ्याच्या एका बापानं अक्कांपुढं भरलेली कॅरीबॅग ठेवली.

"हे काय? आमचं दुकान बंद करायचा विचार हाय का तुमचा?" अक्का माईकवर म्हणाल्या.

"आजीनं भरलंय, अक्का. उलटीचं, जुलाबाचं, सर्दीचं, डोळे आल्याचं."

"डोळे आलेत का त्याला?"

"न्हाई. आले तर."

"आन पोरगं कुठंय? का ते घरी ठेवून नुसतं औषधच आणलंय?"

सगळा मंडप हसला. पोराचा बाप पण हसला.

त्यानंतर युसूफ वडगाव गावची कावेरी आली. तिच्या नवऱ्याचं, वीरेशचं, तिथं कापडाचं दुकान. सोबत अकरा वर्षांची शिवानी, दोन वेण्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात नव्या चांदीच्या करंड्यातलं लिंग. कावेरीनं पिशवीतून तपकिरी डबी काढली. वर जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं लेबल.

"ह्या कशाच्या?"

कावेरीनं एकदा मागं वळून पाहिलं. "ताकदीच्या."

मागून एका बाईनं विचारलं, "कावून गं, वडगावात दूधदुभतं आटलं का?" परत हशा. कावेरीनं पदर तोंडाला लावला आणि तीही हसली.

अक्कांनी झाकण उघडलं. आत पांढऱ्या, लांबट गोळ्या, मधोमध रेघ. त्या डबीत नारिंगी, गोल गोळ्या असतात. अशा डब्या त्यांनी शेकड्यानं विकल्या होत्या. बोट तिथं थांबलं.

"गोळी वेगळी दिसतीय गं."

"डॉक्टरांनी नवीन दिल्यात."

"कधी द्यायची?"

"सकाळ-संध्याकाळ. जेवल्यावर."

मागं अजून वीस माणसं ताटकळत होती. अक्कांनी वहीत लिहिलं : शिवानी, ताकदीची गोळी, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. 

निघताना चपलांपाशी कावेरी पुन्हा एकदा जवळ आली. "अक्का, तेवढी चुकवू नका हां."

"अगं, माझ्या हातून चुकतं का?"

कावेरी काहीतरी बोलणार होती. पण बाजूला दोघी-तिघी चपला शोधत होत्या. ती गेली.

शनिवार, रविवार नीट गेले. सोमवार आला. सोमवारी समाजात घरोघरी उपास. लेकरांवर जबरदस्ती नव्हती, ज्याला धरायचा त्यानं धरावा, पण पोरांपोरांत ईर्षा लागते. शिवानीनं धरला. सकाळी नाश्त्याच्या पंगतीनंतर अक्का पिशव्या घेऊन बसल्या तेव्हा ती रांगेत आली.

"तुझा उपास हाय ना? मग तुला आत्ता न्हाई."

"आई म्हणली रोज घ्यायची."

"जेवणानंतरची हाय ती. जेवण कुठंय तुझं? उपाशीपोटी ताकदीची गोळी घेतली की मळमळतं, मग ओकत बसशील." अक्कांनी तिच्या गालाला हात लावला. "संध्याकाळी उपास सोडलास की देते."

त्या दिवशी कुणाचंही खरं औषध अक्कांनी राहू दिलं नाही. कानाच्या औषधाचे थेंब घातले, तापाची गोळी घेणाऱ्या उपासकरी पोराला दुधाबरोबर गोळी दिली. औषध वेगळं आणि ताकद वेगळी, एवढा फरक त्यांना कळत होता. संध्याकाळी भजनामुळं जेवणाला उशीर झाला. शिवानीनं कसाबसा भात खाल्ला आणि ताटावरून उठून सतरंजीवर जाऊन झोपली. अक्का पिशवी घेऊन गेल्या. लेकरू दमून गेलं होतं. उठवायचं, पाणी पाजायचं, कशासाठी? एक दिवस ताकद कमी पडली म्हणून काय बिघडतं? त्यांनी नाडी ओढली आणि पिशवी खुंटीला अडकवली.

मंगळवारी उजाडता लिंगपूजेला सगळी लेकरं ओळीनं बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, नजर लिंगावर, कुणीच बोलत नव्हतं. अक्का मागं बसल्या होत्या. तेवढ्यात टक्‌ असा आवाज झाला. शिवानीच्या हातातलं लिंग फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं.

लिंग हातातून पडणं ही आमच्यात लहान गोष्ट नाही. प्रत्येकाची नजर लिंगामागं गेली. अक्कांचा हातही आधी तिकडंच गेला. लिंग उचलून त्यांनी कपाळाला लावलं आणि मग वर पाहिलं, तर शिवानी आडवी झाली होती. मान एकीकडं ओढलेली, डोळे वर गेलेले, हातपाय ताडताड आपटत होते.

"लिंग पडलं, लिंग पडलं," कुणीतरी रडायला लागलं. स्वयंपाकाच्या सावित्रीबाई एका हातात चमचा आणि एका हातात फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या. "दातखीळ बसल अक्का, चमचा घाला, कांदा हुंगवा!"

"तोंडात काय घालू नका!" अक्का ओरडल्या. इतक्या मोठ्यानं त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या. "धरू नका तिला. सरा बाजूला. कुशीवर घ्या, कुशीवर!"

हात सगळं बरोबर करत होते. डोक्याखाली पदराची घडी, मान कुशीकडं, भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. पण पोरगी फरशीवर पडत होती आणि आपला हात आधी कुठं गेला, हे त्यांना दिसत होतं.

झटके थांबले. शिवानी घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. केदारनाथ सर लेकरांना बाहेर घेऊन गेले. अक्कांनी फोन काढला. वहीतून बघून कावेरीचा नंबर लावला.

"कावेरी, मी महादेवीअक्का बोलतीय. घाबरू नकोस, शिवानीला..."

तिकडून कावेरीनं पुढचं ऐकलंच नाही. "अक्का, गोळी चुकली का?"

लेकराला काय झालं हे अजून सांगितलंही नव्हतं, आणि आई गोळीचं विचारत होती.

"कसली गोळी हाय ती, कावेरी?"

फोनवर नुसते हुंदके ऐकू येत होते.

"कावेरी, मी तुला काय विचारतीय? कसली गोळी हाय?"

"फिटची," कावेरी म्हणाली.

गुंडप्पांनी गाडी काढली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शिवानी डोळे उघडून बघत होती, पण ओळखत नव्हती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डबीतली गोळी पाहिली, उलटीपालटी केली. "रोजच्या गोळीत खंड पडला. वर उपास, ऊन, पहाटेचं उठणं. यायचीच होती फिट."

अक्का म्हणाल्या, "उपास होता म्हणून दिली नाही, साहेब. जेवणानंतरची होती."

"असं कुणी सांगितलं? ही जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, उपाशी घ्या. काही फरक पडत नाही. फक्त चुकवायची नाही."

अक्का खुर्चीवर बसल्या. त्यांना वाटलं आपल्याला कुणीतरी भर बाजारात थोबाडलं.

तासाभरात वीरेश आणि कावेरी आले. शिवानी तोवर आईला ओळखून हसली, पाणी मागितलं, आणि परत झोपली. तिला बरं आहे हे कळल्यावर वीरेशला राग आला. बाहेर व्हरांड्यात येऊन तो अक्कांसमोर उभा राहिला.

"तुमी मेडिकलवाल्या बाई. सव्वीस वर्षं दुकानात बसता. गोळी बघून कळली न्हाई तुमाला?"

अक्कांना कळली होती. बोट थांबलं होतं. मागं वीस माणसं होती म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"वीरेशराव, डबीवर..." गुंडप्पा बोलायला लागले.

"आवो, राहू द्या," अक्का म्हणाल्या. मग त्या कावेरीकडं वळल्या. "जेवणानंतर म्हणून कावून सांगितलंस गं?"

"ताकदीच्या गोळ्या जेवल्यावरच घेतात ना." कावेरीनं डोळे पुसले. "खरं वाटावं म्हणून."

"अगं पण मला खोटं? मला?"

"तुमाला न्हाई, अक्का. माईकला." कावेरीचा आवाज चढला. "मागं माझ्या जावेच्या माहेरची चार माणसं बसली होती. शिवानीला फिट येतात हे माईकवर सांगू का मी? आपल्यातलीच घरं सगळी. उद्या ह्यांच्यातच पोरी द्यायच्या. अकराची झाली ती. सात-आठ वर्षांनी कुणी उंबऱ्यात उभं करल का तिला?"

"मग कानात सांगायचं होतंस."

"वाकले असते कानाशी, तर मागच्या चौघींनी लगेच विचारलं असतं, काय गं, कानात काय सांगितलंस? तुमी सगळ्यांच्या देखत बसता. तिथं कान कुठंय, अक्का?"

चूक होऊ नये म्हणूनच तर अक्का सगळ्यांच्या देखत बसत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीत गुंडप्पा म्हणाले, "चहा घ्यायचा का?"

"आवो, मी माईक कशाला घेतला हातात?"

"सगळ्यांना ऐकू जावं म्हणून."

अक्कांनी खिडकीकडं तोंड केलं. गुंडप्पांना कळलं आपण काय बोललो ते, पण बोलून झालं होतं.

शिबिरात पोचल्यावर त्या जेवल्या नाहीत. कोठीच्या खोलीत गेल्या. तिथं पिठाची पोती आणि तेलाचे डबे होते. दार लावून घेतलं आणि वही उघडली. एक लेकरू लपलं होतं, म्हणजे अजून किती लपली असतील? त्यांनी पहिल्या पानापासून फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला एकच वाक्य, "मी एकटीच हाय. दार लावलंय. पहिल्या दिवशी जे सांगता आलं न्हाई ते आता सांगा."

बहुतेकांनी खरंच काही नाही म्हणून सांगितलं. काही जण गप्प झाले. गप्प झालेल्यांना अक्कांनी वेळ दिला.

चौसाळ्याच्या त्या कॅरीबॅगवाल्या बापानं खूप वेळानं सांगितलं, "त्याला दमा हाय. पंप त्याच्या मोज्यात ठिवलाय."

"आन ते डोळे आल्याचं औषध आणलं होतं ते?"

"ते दाखवायला, अक्का."

परळीकडच्या एका आईनं सांगितलं की तिची मुलगी गादी ओली करते. गोळी चालू होती, पण कुणाला कळेल म्हणून गोळी घरीच ठेवली आणि मुलीला बजावलं, चार वाजल्यापासून पाण्याचा थेंब प्यायचा नाही. मे महिना, बेचाळीस डिग्री, आणि ते लेकरू तीन दिवस संध्याकाळभर कोरड्या तोंडानं कबड्डी खेळत होतं. अक्कांनी फोन खाली ठेवला, दार उघडून सावित्रीबाईंना हाक मारली आणि त्या मुलीला माठाजवळ नेऊन आधी पाणी पाजलं. तिनं तीन पेले प्यायले. तिसरा पेला पिताना ती अक्कांकडं चोरट्या नजरेनं बघत होती.

सव्वापाचपर्यंत बेचाळीस घरांतून आठ निघाली. आठ! अक्कांना वहीकडं बघवेना. पाचव्या पानावर त्यांच्याच अक्षरात "काही नाही" लिहिलेलं होतं, सातव्या पानावर "काही नाही", अकराव्यावर "काही नाही". सहा वर्षांत किती "काही नाही" लिहिले, आणि त्यातली किती देवानं तारली?

दारावर टकटक झाली. केदारनाथ सर आत आले. आत येऊन त्यांनी दार पुन्हा लावलं.

"अक्का, तुमी सगळ्यांना फोन लावताय म्हणून कळलं." सर पिठाच्या पोत्यावर बसले. गावाला तीस वर्षं शिकवलेला माणूस, पण नजर खाली. "आमच्या हरिओमचं राहिलंय सांगायचं."

हरिओम त्यांचा नातू, बारा वर्षांचा. शिबिरातला सगळ्यात चपळ.

"काय राहिलंय, सर?"

"त्याच्या हृदयाची एक झडप अधू हाय. जन्मापासून. गोळी मी देतो पहाटे, तीर्थाबरोबर. तुमच्याकडं दिली न्हाई."

"आन तो कबड्डी खेळतो?"

"घरी खेळू देत न्हाई आमी. इथं... सगळी पोरं खेळतात. प्रमुखाचाच नातू बसून राहिला तर लोक विचारतात."

"सर, तुमी? शिबिर तुमचं, माईक तुमी दिला, आन तुमीच?"

बाहेरून शिट्टीचा आवाज आला. साडेपाच वाजले होते. आज कबड्डीचा मोठा सामना होता.

अक्का अनवाणीच पळाल्या. पंचावन्न वर्षांची जाड बाई, तापलेल्या मैदानातून. हरिओम चढाईला निघाला होता, रेघेवर पाय होता.

"हरिओम! इकडं ये. मला गुण लिहायला माणूस पाहिजे."

"अक्का, माझी चढाई हाय! दुसरा घ्या की."

"दुसऱ्याचं अक्षर मला लागत न्हाई."

"काय अक्का तुमी बी! हरलो तर तुमच्यामुळं."

"हरा माझ्यामुळं," अक्का म्हणाल्या. त्याचा हात त्यांनी सोडला नाही. त्याच्या मनगटातली नाडी त्यांच्या बोटांखाली लागत होती.

प्रार्थनेच्या आधी सर हळूच म्हणाले, "शिवानीचं आपण उन्हानं भोवळ आली म्हणू. कावेरीताईंचा पण तसाच निरोप हाय. लोकांना पटल."

"भोवळ म्हणायची न्हाई. अजून एक खोटं नको, सर."

"मग खरं सांगणार?"

"तिचं तिच्या घरचं. ते माझं न्हाई सांगायचं. माझं हाय तेवढं सांगते."

माईक बाजूला ठेवून अक्का लेकरांसमोर उभ्या राहिल्या. न्यायला-बघायला आलेले दहा-बारा आईबापही होते. "शिवानीचं औषध माझ्याकडं होतं. काल ते मी दिलं न्हाई. त्यामुळं आज तिला त्रास झाला. औषध कशाचं, हे कुणी मला विचारू नका. लिंग हातातून पडलं म्हणून काही वाईट झालेलं न्हाई, तिनं काही पाप केलेलं न्हाई. चूक माझी हाय." 

मागून एका पोरीनं विचारलं, "अक्का, ती परत येणार का?"

"तिच्या आईबापांच्या मनावर हाय ते, बाळा."

एका दिवसात सगळीकडं झालं. शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं, अक्कांकडून ही अपेक्षा नव्हती. कुणी लिहिलं, आता वय झालं. ज्यांनी स्वतः फोनवर खरं सांगितलं होतं, त्यांच्यातल्याही एकीनं लिहिलं की लेकरांच्या जिवाशी खेळ नको. दोन लेकरं बुधवारी घरी गेली. दुकानात एक जुनी गिऱ्हाईक बाई अक्कांच्या हातून पाकीट घेऊन गुंडप्पांकडं गेली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी एकदा बघून द्या."

गुंडप्पा चिडले. "सांगून टाक सगळं ग्रुपवर. डबी बदलून आणली तिनं, बदनाम तू का व्हायचं?"

"सांगू की. पण कुणाचं सांगू? कावेरीचं? सरांचं? त्या पोरीचं, जी तहानलेली होती?"

"मग आयुष्यभर ऐकून घेणार?"

"चूक केली न्हाई का मी? गोळी वेगळी दिसत होती, आवो. मी बघितली होती."



गुरुवारी दुपारी एसटीनं कावेरी आली. एकटी नव्हती. शिवानीचा हात धरून आली. वीरेश आला नव्हता. तो दोन दिवस कुणाशी बोलत नाही, असं तिनं सांगितलं. "ही रडून रडून म्हणती, शिबिर पुरं करायचं. अक्का, तुमी घेताल का हिला? भरवसा ठेवताल का माझ्यावर?"

"तू ठेवतीस का माझ्यावर, ते सांग."

अक्कांनी दोघींना कोठीत नेलं, दार लावलं, पोत्यावर बसवलं. कावेरीनं पर्समधून खरं पाकीट काढलं, चंदेरी, न फोडलेलं. अक्कांनी वही उघडली आणि पेन धरलं.

"आता सांग. सगळं."

कावेरीनं एकदा दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "फिट येतात. सातव्या वर्षापासून. पहिली आली तेव्हा..."

"कुणाला?"

शिवानीनं विचारलं होतं.

कावेरी थांबली. अक्कांचं पेनही थांबलं. 

"आई, कुणाला फिट येतात?"

कावेरीनं मान खाली घातली. अक्कांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. चार वर्षं ही पोरगी रोज दोन वेळा गोळी घेत होती. ज्यांना कळू नये त्यांच्यात तिचं स्वतःचंही नाव होतं.

"म्हणजे मी परवा पडले ती... मला वाटलं लिंग पडलं म्हणून देव रागावला." शिवानी अक्कांकडं वळली. "ती ताकदीची गोळी न्हाई?"

"न्हाई, बाळा," अक्का म्हणाल्या. "डोक्यात कधीकधी एक झटका येतो, तो येऊ नये म्हणून हाय ती. पुष्कळ जणांना असतं."

"मी मरणार हाय का?"

"न्हाई गं! गोळी वेळेवर घेतली की शाळेत जाशील, कबड्डी खेळशील, सगळं करशील. एवढंच की चुकवायची न्हाई. उपास असला तरी न्हाई. आन दुसऱ्या कुणी राहू दे म्हटलं, मी जरी म्हटलं, तरी तू म्हणायचं, द्या."

"मी म्हणलं होतं," शिवानी म्हणाली. "सोमवारी. आई म्हणली रोज घ्यायची, म्हणून."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "तू म्हणली होतीस. मीच ऐकलं न्हाई."

कावेरी दोन्ही हातांत तोंड धरून बसली होती. शिवानीनं तिच्याकडं पाहिलं, पण तिच्याजवळ गेली नाही. तिनं अक्कांसमोर हात केला. "बघू ते पाकीट."

अक्कांनी दिलं. शिवानीनं ते उजेडाकडं धरलं. मराठी शाळेतली पोरगी, इंग्रजी अक्षरं एकेक करून बोटाखाली घेत गेली. "ले... लेव्ह..."

"लेव्हेटिरासिटाम," अक्का म्हणाल्या.

"लेव्हेरिटी..."

"न्हाई. टि आधी, रा नंतर. सावकाश म्हण."

दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा तिनं आधी मनातल्या मनात म्हणून पाहिलं, श्वास घेतला आणि मोठ्यानं, दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पूर्ण नाव बरोबर म्हटलं. कावेरी दचकली, तिचा हात लेकीच्या तोंडाकडं निघाला. अर्ध्या वाटेत तो थांबला, आणि तिनं तो स्वतःच मांडीवर घेतला.